हरेशच्या हळदीतली कुत्री

कमलाकर जोगळेकरांचं कुत्र्यांवर भारी प्रेम, असा एक समज पुढे पनवेलभर झाला. तो आधीच खोडून काढलेला बरा. जोगळेकरांना कुत्र्यांची भीती वाटायची. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली आणि कालव्याच्या पाहणीला ज्या ज्या गावात गेले, त्या त्या गावाच्या वेशीत एखादं तरी कुत्रं साहेबांची वाट बघत बसलेलं असे. गावाने हार घालो न घालो, कुत्र्याने स्वागतात कधी कसूर केली नाही. निवृत्तीनंतर हा जाच सुटला असं त्यांना वाटलं होतं. मग त्यांनी फार्महाऊस घेतलं.

फार्महाऊस हा शब्द त्यांचा. नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला चिंचकोंड नावाचं गाव आहे. तिथे जमिनीचा एक तुकडा घेऊन त्यांनी त्यावर पत्र्याची खोली उभी केली आणि 'कुंदनंदन' अशी पाटी करून घेतली. कुंदाताई ही त्यांची बायको. तिने ती जागा एकदा पाहिली, संडास कुठे आहे ते विचारलं आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. त्यामुळे पाटी लावायला जोगळेकर एकटेच स्टुलावर चढले होते. हात वर, खिळा तोंडात, अशा अवस्थेत गावातल्या एका कुत्र्याने त्यांची पोटरी धरली. खिळा तोंडात असल्यामुळे त्यांना धड ओरडताही आलं नाही.

सरकारी दवाखान्यात इंजेक्शनच्या रांगेत उभे राहिले तर पुढे-मागे निम्मं चिंचकोंडच. कोणाचा दंड, कोणाची मांडी. एका बाईच्या कडेवर लहान मुलगी होती आणि तिच्या गालावर दातांच्या खुणा होत्या. ती रडून रडून थकून आईच्या खांद्यावर झोपली होती. तिच्याकडे पाहून जोगळेकर म्हणाले, काहीतरी केलं पाहिजे. हे वाक्य मध्यमवर्गीय माणसाने मनातल्या मनात म्हणावं. त्यांनी ते मोठ्याने म्हटलं, आणि रांगेत पुढेच गावचे माजी सरपंच तुळशीराम दंड धरून उभे होते. ते वळले आणि म्हणाले, "करा सायेब. तुमी शिकलेले हाव."

झालं. नारळ फुटला.

पनवेलला त्यांच्या सोसायटीत ही बातमी पोचल्यावर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. समोरचे पाटणकर म्हणाले की कुत्र्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं की ते वचकतं. स्वतः पाटणकर मात्र लिफ्टमध्ये मांजर असेल तर जिन्याने जात. तळमजल्यावरच्या ताईंनी दारात निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवायला सांगितल्या. सेक्रेटरींचा मुलगा शार्दूल म्हणाला की काका, हे सगळं जुनं झालं. आता नसबंदी करतात, रेबीजची लस देतात आणि कुत्रं परत आणून सोडतात. नसबंदी हा शब्द जिन्यात इतक्या मोठ्याने उच्चारला गेल्यामुळे कुंदाताईंनी दार लावून घेतलं. पण शार्दूलचं म्हणणं जोगळेकरांना पटलं. पिल्लावळ थांबेल, रोग थांबेल, आणि कुत्र्याच्या जिवालाही धक्का नाही. एवढी साधी गोष्ट आजवर कोणाला कशी सुचली नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

कोणाला का सुचली नव्हती, ते त्यांना पुढच्या महिन्याभरात कळलं. शहराच्या कचेरीत कुत्री धरायची गाडी होती, पण तिची धाव हद्दीपर्यंत, आणि चिंचकोंड हद्दीच्या पलीकडे. जनावरांच्या दवाखान्यातले गृहस्थ फार सज्जन. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की आमचं काम गुरांचं. कुत्रं हे गुरात बसत नाही. ग्रामपंचायतीत घोडं वेगळ्याच जागी अडलं. कुत्री भटकी असतील तर पंचायत बघेल, पाळीव असतील तर मालकाने बघावं. जोगळेकर घरोघर विचारत फिरले. प्रत्येक दारात एक कुत्रं आणि प्रत्येक दारात एकच उत्तर: "आमचा नाय. आमच्या दारात असतं." खात्यात असताना असली शेकडो उत्तरं जोगळेकरांनी स्वतः लिहिली होती. ती ऐकायला कशी लागतात, हे त्यांना आता समजलं.

शेवटी एक प्राणीसेवा संस्था राजी झाली. तिथल्या डॉक्टर दिपिका म्हणजे अगदी तरुण मुलगी, पण बोलणं कडक. तिने सांगितलं की गाडी येईल, माणसं येतील, ऑपरेशन आणि लस फुकट होईल. पण डोंगरात पाड्यापाड्यावर एकेक कुत्रं धरत फिरायला माणसं नाहीत. बरीच कुत्री एका जागी मिळतील तेव्हा बोलवा. आणि आणखी एक गोष्ट तिने बजावली. जिथून धरलं, तिथेच नेऊन सोडायचं, असा नियम आहे. दुसरीकडे सोडलेलं कुत्रं बहुतेक जगत नाही. नियम म्हटल्यावर जोगळेकरांचा चेहरा फुलला. इतक्या दिवसांत त्यांना ओळखीचं असं हे पहिलंच काही भेटलं होतं.

नियमाच्या जोरावरच त्यांनी रंभाबाईला शब्द दिला.

रंभाबाई चिंचकोंडच्या वरच्या पाड्यात राहायची. गावातून चांगलाच चढ चढून गेलं की चार-सहा घरं, त्यातलं शेवटचं तिचं. नवरा कधीच गेला होता, मुलगी उरणला दिली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळे. तिची एक कुत्री होती, लांबोडकी, पांढुरकी, हडकुळी. तिचं नाव बोंबील. बोंबीलच्या गळ्यात घुंगरू होतं. सकाळी रंभाबाई हंडा घेऊन विहिरीला निघे, बोंबील पुढे चाले, आणि घुंगराच्या आवाजामागे रंभाबाई. वाटेत दगड आला की बोंबील थांबे, घुंगरू थांबे, रंभाबाईही थांबे. घरी परतल्यावर रंभाबाई भाकऱ्या थापी आणि परातीत शेवटी उरेल त्या पिठाची तळहाताएवढी भाकरी बोंबीलची. चिंचकोंडात प्रत्येक चुलीवर ती भाकरी होतेच. कुत्रं आपलं नाही म्हणणाऱ्यांच्या चुलीवरसुद्धा.

जोगळेकरांना वाटलं होतं की ही म्हातारी नाहीच म्हणणार. पण ती सगळं नीट ऐकत राहिली आणि म्हणाली, "दरसाल पिलं होतात. एक वाघरू नेतं, एक गाडीखाली जातं. मंग ही रातभर रडते, न मी पन. मीच मातीत घालतंय सगल्यांना. होत नसतील तं बरंच." मग तिने हात पुढे केला, चाचपत जोगळेकरांचं मनगट धरलं आणि विचारलं, "पन परत आनाल ना? मना डोल्यांनी दिसत नाय. तुमी शब्द देताव का?"

जोगळेकर म्हणाले, "माझा शब्द आहे, रंभाबाई. जिथून नेली तिथेच आणून सोडणार. नियमच आहे तसा."

आता प्रश्न राहिला, सगळी कुत्री एका जागी आणायची कशी. उत्तर तुळशीरामांनी घरपोच आणून दिलं: त्यांच्या मुलाच्या, हरेशच्या, हळदीचं आमंत्रण. ज्यांनी आगरी हळद पाहिली नाही त्यांना एवढंच सांगतो की लग्न हे हळदीनंतर उरलेलं काम असतं. दुपारपासून बकरी कापतात, मोठमोठ्या टोपांत मटण शिजतं, आणि त्याचा वास डोंगरावरून पलीकडे जातो. जोगळेकर शाकाहारी, लसूणसुद्धा कुंदाताईंच्या परवानगीने खाणारे. पण आमंत्रण हातात घेताच त्यांच्या डोक्यात वीज चमकली: एका जागी, एका वेळी, पंचक्रोशीतली झाडून सारी कुत्री! तुळशीरामांनाही कल्पना आवडली. पाहुण्यांना कुत्र्यांचा त्रास नको, एवढंच त्यांना त्यात दिसलं. दिपिकाला फोन गेला.

आणि कुत्री आली. भर दुपारी खालच्या आळीच्या टोकाला, मांडवामागच्या शेतात, टोपांभोवती, इतकी कुत्री जमली की तेवढी माणसंही अजून आली नव्हती. खालच्या आळीतली, नदीकडची, वरच्या पाड्यातली. एरवी एकमेकांच्या हद्दीत पाऊल न टाकणारी ही जात हाडांसाठी एका पंगतीला बसली होती. त्यांत बोंबीलही होती. घुंगरामुळे जोगळेकरांनी तिला लगेच ओळखलं आणि त्यांना हायसं वाटलं. तिच्यासाठी वरचा चढ चढायला नको, एवढाच विचार त्या घडीला त्यांच्या मनात आला.

संस्थेची माणसं निळ्या कपड्यांत उतरली तेव्हा हरेशच्या मामाला ती केटररची वाटली आणि त्याने त्यांना कांदे चिरायला बसवलं. तो घोळ निस्तरेपर्यंत एका कुत्र्याने टोपाशेजारचा बकऱ्याचा पाय पळवला. त्याच्यामागे जाळी घेऊन एक माणूस, त्याच्यामागे आचारी पळी घेऊन, आणि आचाऱ्यामागे जोगळेकर "सावकाश, सावकाश" म्हणत. ही वरात मांडवात शिरली. मांडवात धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात गाणी म्हणणारी जाणती बाई, हरेशला हळद लावता लावता गात होती. तिने सूर सोडला नाही. कुत्रं हरेशच्या पाटाखालून गेलं, हळदीचं ताट उडालं, आणि जाळं पडलं ते जोगळेकरांवर. आत जोगळेकर, नखशिखांत पिवळे, आणि बाहेर पोरांनी नाचायला सुरुवात केली. कोणीतरी म्हणालं, नवरदेव दोन झाले. हरेशच्या मामाने कांदे टाकून व्हिडिओ काढला.

जाळ्यातून बाहेर काढेपर्यंत जोगळेकरांच्या अब्रूचं पार खोबरं झालं होतं. चष्मा हळदीने माखलेला, शर्टाला रस्सा लागलेला. त्यातून त्यांना सगळं जगच पिवळट दिसत होतं. गाडी भरली होती, पिंजरे भुंकत होते. दिपिका त्यांच्याजवळ आली आणि डी.जे.च्या आवाजावर आवाज चढवून तिने विचारलं, "काका, ही सगळी इथलीच ना?"

लोक हसत होते. जोगळेकरांना कसंही करून तिथून निघायचं होतं. ते म्हणाले, "हो हो, सगळी इथलीच."

व्हिडिओ त्यांच्या आधी पनवेलला पोचला. पण जगाची रीत न्यारी. दोन दिवस सोसायटी हसली आणि तिसऱ्या दिवशी तिलाच जोगळेकरांचा अभिमान वाटू लागला. ज्येष्ठ नागरिक संघाने 'श्वानमित्र' म्हणून त्यांचा सत्कार ठरवला. तो ठरला नेमका कुत्री परत सोडायच्या दिवशी. जोगळेकरांनी आधी तिकडे जायचं ठरवलं होतं, बोंबीलला स्वतः वर नेऊन पोचवायचं ठरवलं होतं. पण शाल-श्रीफळाला नाही म्हणायला मन मोठं लागतं, आणि ते त्यांच्या खात्यात कधी कोणाचं नव्हतं. शिवाय नियम होताच. त्यांनी शाल घेतली आणि प्राणिमात्रांवरच्या दयेबद्दल बरंच बोलले.

इकडे गाडीवाला नियमाला पक्का. जिथून धरली तिथेच त्याने सगळी कुत्री सोडली. मांडव आता उठला होता, टोप गेले होते, हाडंही नव्हती. उरली होती ती खालच्या आळीची हद्द आणि तिच्यात उभी वरच्या पाड्याची, नदीकडची परकी कुत्री, पोटाला टाके घातलेली. दुपारी तुळशीरामांचा फोन आला. आळीत कुत्र्यांचं महाभारत चाललंय, नवी सून घराबाहेर पडत नाय, म्हणे. भीक नको पण कुत्रा आवर, असं आपलं झालं हे तुळशीरामांनी फार सौम्य शब्दांत सुचवलं. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "न ती वरची रंभाबाय दोनदा निरोप धाडतंय. तिची कुत्री आली का इचारतंय."

जोगळेकरांच्या हातातून नारळ पडला. कुंदाताईंना वाटलं की फोडायला टाकला.

तेव्हा त्यांना सगळं एकदम दिसलं. मांडव आणि वरचा पाडा यांच्या मध्ये खालची आळी. वर जायची वाट आळीतूनच जाते. आळीतली कुत्री बोंबीलला वर जाऊ देणार नाहीत. मग ती उलट्या दिशेला, सडकेकडे पळणार. इतकं सरळ गणित, आणि पाटबंधाऱ्याच्या माणसाला कळू नये? पाणी अडवलं की वाट मिळेल तिकडे जातं, हे शिकवण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

दुसऱ्या सकाळी ते नेऱ्याच्या रस्त्यावर उतरले आणि पायी निघाले. कुत्र्याला हाक त्याच्या नावाने मारावी लागते. जोगळेकरांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं, आणि आयुष्यात न उच्चारलेला शब्द भर रस्त्यात उच्चारला: "बोंबील! ए बोंबील!" पहिल्याच घरातून एक बाई ताट घेऊन बाहेर आली आणि ओले का सुके, असं विचारू लागली. दुसऱ्या घरातून भाव आला. तिसऱ्या घरातल्या म्हातारीने, टोपलीशिवाय फिरणारा असला कोळी जन्मात पाहिला नाही, असं सांगितलं. जोगळेकर प्रत्येकीला समजावत गेले की बोंबील ही कुत्री आहे, पांढुरकी, ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाला खाच आहे, गळ्यात घुंगरू. काही बाया हसल्या. काहींनी मात्र पदराला हात पुसले आणि दोन पावलं बरोबर चालल्या, हाका मारायला. त्या हाकांनी जोगळेकरांना रडू येऊ लागलं. मुंजीत घेतलेलं सोवळं त्या रस्त्यावर कुठे गळून पडलं, त्यांना कळलंही नाही.

रोज ते येत. कुंदाताईंनी आधी भांडण केलं, मग डबा करून द्यायला सुरुवात केली. एक दिवस डब्यात दोन पोळ्या जास्त होत्या. कोणासाठी, ते तिने सांगितलं नाही.

शेवटी एसटीच्या थांब्याजवळच्या चहावाल्याने सांगितलं. असली एक कुत्री इथे बसून असायची. कोणी बाई हंडा घेऊन गेली की उठायची, तिच्यापुढे थोडं चालायची, मागे वळून बघायची आणि परत येऊन बसायची. काल अशीच एका बाईच्या पुढे निघाली, ती बाई रस्ता ओलांडायला लागली, आणि डंपर आला. बाई वाचली. कुत्री तिकडे, चिंचेखाली, कोणीतरी कडेला ओढून ठेवली आहे.

जोगळेकर चिंचेखाली गेले. जन्मभर ज्या जातीला ते घाबरले, तिच्यापुढे ते खाली बसले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कानाची खाच अजून भरली नव्हती. चहावाल्याने गोणपाट दिलं, एका टेम्पोवाल्याने मागे जागा दिली. फार्महाऊसवर पाटीखाली जोगळेकरांनी स्वतः कुदळ चालवली. त्या जागेत त्यांनी पुरलेली ती पहिली गोष्ट. गळ्यातलं घुंगरू सोडून त्यांनी खिशात ठेवलं आणि वरच्या पाड्याची वाट धरली.

वाटेत त्यांनी एक गोष्ट रचली. नेऱ्याच्या एका बंगलेवाल्याने बोंबीलला ठेवून घेतलं आहे, दूध-भात खाते, मजेत आहे. चढता चढता त्यांनी ती दोन-तीनदा म्हणून पाहिली. चांगली वठत होती. म्हातारीला ऐकायला बरं वाटेल आणि आपल्यालाही बोलायला जड जाणार नाही, असा त्यांनी हिशेब केला. चढ जिथे संपतो तिथे दम खायला ते थांबले आणि पुन्हा चालू लागले.

रंभाबाई ओट्यावर बसली होती. ती एकदम उठून उभी राहिली. तिचा चेहरा असा उजळला की जोगळेकरांनी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. तिने दोन्ही हात पुढे पसरले आणि म्हणाली, "आलीस का गो? किती दिस लावलेस."

तेव्हा जोगळेकरांना कळलं की आपल्या खिशातलं घुंगरू वाजतं आहे.

ते जिथल्या तिथे थांबले. घुंगरू थांबलं. रंभाबाईने पसरलेले हात काही वेळ तसेच ठेवले. मग तिने विचारलं, "कोन हाय?"

"मी, जोगळेकर."

"एकलेच?"

रचलेल्या गोष्टीतलं एक अक्षर त्यांना आठवेना. ते म्हणाले, "एकटाच." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. हळद, जाळं, डॉक्टरीणबाईंचा प्रश्न, "सगळी इथलीच" हे स्वतःचं उत्तर, शाल, सगळं. सांगताना ते लहान मुलासारखे हुंदके देत होते आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही. रंभाबाईचे न दिसणारे डोळे वाहत होते. ती एकदाच बोलली. मातीत घातली का, असं तिने विचारलं. घातली म्हटल्यावर तिने मान हलवली आणि पदर तोंडावर घेतला.

नंतर बऱ्याच वेळाने ती उठली आणि हंडा चाचपू लागली. घरात पाणी नव्हतं. इतके दिवस शेजारीण आठवेल तेव्हा देत होती. जोगळेकरांनी हंडा घेतला, मी आणतो म्हणाले. पण ती ऐकेना, आपलं पानी आपुन आनावं म्हणाली. मग त्यांनी खिशातून घुंगरू काढलं आणि बोटाला बांधलं. ते पुढे चालू लागले, मागे रंभाबाई. दगड आला की ते थांबत. विहिरीवर आलेल्या बाया ते बघत राहिल्या. कोणी हसलं नाही.

परत आल्यावर रंभाबाईने चूल पेटवली आणि भाकऱ्या थापल्या. जोगळेकर ओट्यावर बसून होते. परातीत शेवटी थोडं पीठ उरलं. तिच्या हातांनी सवयीने त्याचा गोळा केला, तळहाताएवढी भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली, खाली काढली, आणि ती घेऊन ती दारात आली. दारात येऊन मात्र ती थांबली. भाकरी हातात तशीच. कोणाला द्यायची ते तिला कळेना.

जोगळेकरांनी हात पुढे केला. बोटाचं घुंगरू वाजलं. रंभाबाईने आवाजाच्या रोखाने भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. ती गरम होती आणि कोरडी होती. जोगळेकरांनी ती सगळी खाल्ली.